खाडीचा वास की कारखान्याचा? ऐरोलीतील एका तक्रारीचा अभ्यास

ऐरोलीच्या पश्चिम कडेला, कांदळवनापासून जेमतेम एक रस्ता सोडून उभ्या असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गेल्या हिवाळ्यात पार्किंग आणि पाण्याची टाकी हे नेहमीचे विषय मागे पडले आणि बहुतेक वेळ वासाच्या चर्चेत गेला. कुजलेल्या अंड्यासारखा वास संध्याकाळी घरात शिरतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि देवघरातली चांदीची निरांजने घासून ठेवली तरी आठवड्याभरात काळी पडतात, अशी तक्रार होती. खाडीच्या बाजूच्या काही सदनिकांत वातानुकूलन यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या पुन्हा पुन्हा गळत होत्या आणि दुरुस्तीला येणारा कारागीर दर वेळी काळी पडलेली कॉइल काढून दाखवत होता. औद्योगिक वसाहतीतला कोणीतरी कारखाना अंधार पडल्यावर वायू सोडतो, याबद्दल सभेत जवळजवळ एकमत होते.

तक्रार संबंधित कार्यालयाकडे गेली. तेथून आलेल्या कर्मचाऱ्यांनी दुपारच्या सुमारास हातातल्या मापकाने हवा तपासली, शून्य नोंदवले आणि हा वास खाडीचा नैसर्गिक वास असावा असा शेरा मारून प्रकरण निकाली काढले. संस्थेच्या सेक्रेटरींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, कारण मी ठाण्यात रसायनशास्त्र शिकवतो आणि आमची जुनी ओळख आहे. ‘खाडी एवढा वायू कसा काय सोडेल, सर?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो योग्य होता, कारण शेरा मारणाऱ्याने त्याचे उत्तर दिलेले नव्हते.

आधी त्या शून्याविषयी. अशी छोटी मापके प्रामुख्याने गटारात किंवा टाकीत उतरणाऱ्या कामगाराचा जीव वाचवण्यासाठी बनवलेली असतात. त्यातली बरीचशी हवेच्या दशलक्ष भागांत हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास असलेल्या आणि चांदी-तांबे काळे करणाऱ्या वायूचा, एक भाग झाला तरच आकडा दाखवू लागतात. माणसाच्या नाकाला मात्र हा वायू अब्ज भागांत काही भाग इतका विरळ असतानाही कळतो. वासाच्या उपद्रवाच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी सुचवलेली पातळी घनमीटरला ७ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अब्जात सुमारे पाच भाग. त्यामुळे मापकावरचे शून्य आणि रहिवाशांचे हैराण होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिवाय, आपल्याकडे २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय वातावरणीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत आणि त्यांत हायड्रोजन सल्फाइड नाही. तपासणीला येणाऱ्याच्या हाती मोजायला योग्य यंत्रही नाही आणि तुलनेला आकडाही नाही, अशा अवस्थेत ‘नैसर्गिक’ हा शब्द फार सोयीचा ठरतो.

तरीही खाडी वायू सोडते हे खरेच आहे, आणि किती व कशी, हे समजून घेतल्याशिवाय या प्रकरणात पुढे जाता येत नाही.

ओहोटीच्या वेळी दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीजवळ उघडा पडणारा चिखल जवळून पाहिला, तर वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी, उन्हात किंचित सोनेरी दिसतो. तो डायटम या सूक्ष्म शैवालांचा पापुद्रा असतो. बोटाने तो बाजूला सारला की खाली डांबरासारखा काळा गाळ लागतो. खेकड्यांच्या बिळांच्या भिंती तेवढ्या गंजलेल्या लोखंडासारख्या तांबूस असतात, कारण बिळातून हवा आत जाते. काळ्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जीवाणू श्वसनासाठी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात सल्फेट असते सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे त्यांना कधीच न संपणारा साठा. तिवराची पाने, मेलेले शैवाल, मासळीचे अवशेष असे काहीही खाऊन ते सल्फेटचे रूपांतर सल्फाइडमध्ये करतात. त्यातले बरेचसे सल्फाइड चिखलातल्या लोहाशी जुळून काळे आयर्न सल्फाइड बनते, आणि गाळाचा रंग काळा असतो तो त्यामुळेच. या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की कोंडलेला वायू लगेच सुटतो आणि तोच कुजक्या अंड्याचा वास येतो. सेक्रेटरींसमोर हे करून दाखवल्यावर त्यांचा अर्धा प्रश्न सुटला. जोवर लोह पुरते तोवर गाळ सल्फाइड धरून ठेवतो. खाद्य वाढले आणि लोह अपुरे पडले की उरलेला वायू वर येतो. चिखलावर भरतीचे पाणी असेल, तर त्या पाण्यातला प्राणवायू त्याला वाटेतच गाठतो. पाणी ओसरले की ती अडवणूक संपते.

समुद्री जीवांच्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड एकटा नाही, आणि खरे तर खुल्या समुद्रावर तो जवळजवळ नसतोच. नद्या जमिनीवरून समुद्रात नेतात ते गंधक परत जमिनीवर कसे येते, हे कोडे एके काळी ‘समुद्रातून हायड्रोजन सल्फाइड येत असावा’ असे म्हणून सोडवले जात असे. पण समुद्राच्या वरच्या थरात प्राणवायू भरपूर असतो, तिथे हा वायू टिकत नाही आणि भर समुद्रात कुजक्या अंड्यांचा वासही येत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी शॅकल्टन या संशोधन जहाजावरून ब्रिटन ते अंटार्क्टिका अशा प्रवासात पाण्याचे नमुने तपासले आणि १९७२ मध्ये दाखवून दिले की हे काम डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू करतो. अनेक सागरी शैवाले पेशीतल्या क्षारांचा तोल राखण्यासाठी डायमिथिलसल्फोनिओप्रोपिओनेट असे लांबलचक नाव असलेले संयुग साठवतात. शैवाल मेले, विषाणूने फुटले किंवा एखाद्या सूक्ष्म प्राण्याने खाल्ले की हे संयुग पाण्यात येते आणि त्याचे विघटन होऊन डायमिथिल सल्फाइड तयार होतो. त्यातला बराचसा जीवाणू खाऊन टाकतात, काही सूर्यप्रकाशात नष्ट होतो आणि थोडाच भाग हवेत पोहोचतो. तरीही जगभरच्या समुद्रांतून या रूपात दरवर्षी दोन ते तीन कोटी टन गंधक हवेत जाते, असा अंदाज आहे. हवेत तो साधारण दिवस-दोन दिवस टिकतो, मग त्यापासून सल्फर डायऑक्साइड आणि गंधकाम्लाचे सूक्ष्म कण बनतात, आणि अशा कणांवर ढगांचे थेंब धरतात. शैवाले या मार्गाने पृथ्वीचे तापमानच राखतात असा सिद्धान्त लव्हलॉक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला. तो इतका सरळ चालत नाही असे आक्षेप पुढे घेतले गेले. तो वाद ऐरोलीच्या तक्रारीला लागू नाही. लागू आहे ती एवढीच गोष्ट, की आपण ज्याला ‘समुद्राचा वास’ म्हणतो त्यात या वायूचा मोठा वाटा आहे, त्याचा वास उकडलेल्या कोबीच्या जवळचा असतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाहून तो वेगळा ओळखता येतो.

चिखलातून मिथेनही निघतो. त्याला वास नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, जरी हवामानाच्या दृष्टीने या तिघांत त्याचीच चिंता अधिक करायला हवी. सल्फेट भरपूर असते तिथे मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना सल्फेटवाले जीवाणू खाद्य मिळू देत नाहीत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर झाले आणि सल्फेट उतरले की त्यांना वाव मिळतो.

आता तपासाकडे. खाडी आणि कारखाना या दोन संशयितांची वेळापत्रके मुळातच वेगळी आहेत, हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा होता. कारखाना घड्याळावर चालतो: पाळी बदलण्याची वेळ आज जी, तीच उद्या. खाडी चंद्रावर चालते: ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वास रोज ठरावीक वेळी येत असेल, तर खाडीवर बोट ठेवता येणार नाही. आणि तो तिथीबरोबर सरकत असेल, तर कारखान्यावर ठेवता येणार नाही. कोळीवाड्यातल्या एका वयस्कर काकांना विचारले तेव्हा त्यांनी यंत्रांची भानगड न करता सांगून टाकले की भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा) वास येत नाही, उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) येतो. त्यांचे भरतीचे गणितही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याला चपखल बसते. ऐरोली खाडीत बरीच आत असल्यामुळे तिथे पाणी थोडे उशिरा चढते आणि उशिरा उतरते.

याचा अर्थ असा, की पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, जेव्हा ओहोटी सर्वांत खोल असते आणि चिखलाचा सर्वांत मोठा पट्टा उघडा पडतो, तेव्हा ती खोल ओहोटी ऐरोलीत पहाटे आणि दिवेलागणीला येते. दिवेलागणीला पश्चिमेचा समुद्री वारा मंदावलेला असतो पण थांबलेला नसतो, आणि ऊन गेल्यामुळे जमिनीलगतची हवा वर चढून विरळ होत नाही. खाडी पश्चिमेला असल्याने तो मंद वारा चिखलावरची हवा हळूहळू संस्थेत आणून सोडतो. पहाटेची ओहोटीही तितकीच खोल असते, पण हिवाळ्यात त्या वेळी वारा पूर्वेकडून वाहतो आणि खाडीचा वास मुलुंड-भांडुपच्या दिशेने जातो. दुपारी बारा-एकला आलेल्या तपासनिसांना उधाणाच्या दिवशी खाडी तुडुंब भरलेली दिसली असणार, आणि भांगाच्या दिवशी मुळातच कमी चिखल उघडा असणार. कोणत्याही प्रकारे ती वेळ चुकीचीच होती.

संस्थेने एक साधी वही ठेवली. वासाची वेळ, वासाचे वर्णन, कोणता मजला व कोणती बाजू, गच्चीवरच्या पताकेवरून वाऱ्याची दिशा आणि तिथी, एवढेच रकाने. नोंदी करणारे तीन प्रकारचे होते: रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, संध्याकाळी स्वयंपाकघरात असणाऱ्या गृहिणी आणि पहाटे फिरायला निघणारे ज्येष्ठ नागरिक. नोंद करताना भरतीचे वेळापत्रक पाहायचे नाही, असा नियम मुद्दाम घातला, कारण ओहोटी आहे हे कळले की नाकाला वास येऊ लागतोच. जोडीला लेड ॲसिटेटच्या द्रावणात भिजवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या वेगवेगळ्या मजल्यांवर सावलीत टांगल्या. त्या ओलसर राहाव्यात म्हणून द्रावणात थोडे ग्लिसरीन घातले. हायड्रोजन सल्फाइड लागला की पट्टी तपकिरी आणि मग काळी होते. डायमिथिल सल्फाइडने ती काळी होत नाही, बहुतेक औद्योगिक द्रावकांनीही नाही. या पट्ट्यांतून आकडा मिळत नाही, पण कोणता वास कोणाचा याची वाटणी करायला त्या पुरतात. शिसे विषारी असल्याने पट्ट्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठिकाणी ठेवल्या आणि बदलताना हातमोजे वापरले. उन्हात ठेवलेली पट्टी काळी झालेली असली तरी पुन्हा फिकी पडते, म्हणून सावलीचा आग्रह.

हिवाळा संपून उन्हाळा लागेपर्यंत वही भरत गेली आणि तिच्यातून एक नव्हे, निरनिराळे वास वेगळे झाले.

पहिला वास तोच, संध्याकाळचा कुजक्या अंड्यांचा. तो पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दिवसांत गोळा झालेला होता, तिथीबरोबर पुढे सरकत होता, पश्चिमेकडच्या सदनिकांत वरच्या मजल्यांपर्यंत नोंदला गेला होता आणि त्या दिवसांत तिथल्या पट्ट्या तपकिरी पडल्या होत्या. हा खाडीचा होता. काकांचे म्हणणे खरे ठरले.

दुसरा वास रात्री उशिराचा. वहीत त्याचे वर्णन ‘गोडसर’, ‘नेलपॉलिशसारखा’, ‘डोळे चुरचुरतात’ असे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आले होते. तो पूर्वेचा वारा असतानाच येई, साधारण ठरलेल्या वेळेला येई, तिथीशी त्याचे काही देणेघेणे नव्हते आणि पट्ट्यांवर त्याचा परिणाम नव्हता. पूर्वेला औद्योगिक वसाहत आहे. यावरून कोणा एका कारखान्यावर ठपका ठेवता येत नाही, पण हा वास खाडीचा नाही एवढे ठामपणे म्हणता येते. रहिवाशांनी दोन्ही वासांची एकच तक्रार केली होती, म्हणून खाडीचा शेरा मारणाऱ्याला दुसरा वासही पहिल्याच्या खात्यावर टाकून मोकळे होता आले.

भरदुपारी, भरतीच्या पाण्यावरून येणारा सौम्य, शेवाळी वास काही जणांनी नोंदवला होता आणि समोर ‘त्रास नाही’ असेही लिहिले होते. तो बहुधा डायमिथिल सल्फाइडचा असावा. पट्ट्या त्या वेळी बदलत नव्हत्या, एवढा पुरावा आहे. पण खाडीत हा वायू फक्त शैवालातून येतो असे नाही, चिखलातले जीवाणूही सल्फाइडपासून तो बनवतात, त्यामुळे त्याचे मूळ नेमके कोणते हे नाकाने ठरत नाही.

सर्वांत अवघड निघाला तो तळमजल्याचा वास. संस्थेच्या उत्तरेकडील कुंपणाला लागून पावसाळी पाण्याचा नाला आहे, त्यात भरतीला खाडीचे पाणी शिरते आणि बारमाही सांडपाणीही वाहत असते. नाल्याशेजारच्या तळमजल्यावरच्या पट्ट्या भांगाच्या दिवसांतही, पहाटेच्या ओहोटीलाही, सर्वांत लवकर आणि सर्वांत गडद काळ्या झाल्या. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. सांडपाण्यात जीवाणूंना खाद्य भरपूर असते पण सल्फेट बेताचे. खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते पण खाद्य त्या मानाने कमी. या नाल्यात दिवसातून दोनदा भरती दोन्ही गोष्टी एकत्र आणते. ज्या निरांजनांवरून सभेत वाद झाला, त्यांतली बहुतेक याच बाजूच्या घरांतली होती.

जीवाणू तेच, वायू तोच, तरी हा वास नैसर्गिक म्हणून सोडून देता येईल का, यावर समितीच्या बैठकीत बरीच घासाघीस झाली. माझे मत मी स्पष्ट मांडले: तिवराच्या पानांवर जगणारा चिखल जो वायू सोडतो तो खाडीचा, आणि आपल्या घरांतून गेलेल्या सांडपाण्यावर पोसलेला गाळ जो वायू सोडतो तो आपला, मग तो बनवणारा जीव कोणताही असो. खुद्द खाडीच्या वासातही सांडपाण्याचा वाटा आहेच. किती, हे पट्ट्यांवरून सांगता येत नाही.

दरम्यान दोन सूचना पुढे आल्या होत्या. चिखलावर ब्लीचिंग पावडर मारून घ्यावी, ही पहिली. तिने सल्फाइड तात्पुरते नष्ट होईल, पण पुढच्या भरतीला ती वाहून जाईल आणि जाताना डायटमचा पापुद्रा व खेकडे मारून जाईल. आणि चिखलात हवा खेळवून वायू कमी ठेवण्याचे काम तर खेकड्यांची बिळेच करत असतात. उघड्या चिखलावर भराव टाकावा, ही दुसरी सूचना. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या संरक्षणासाठी २००५ मध्ये दिलेले आदेश आणि २०१८ चा निकाल पाहता ती बेकायदा आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. याच संस्थेच्या जाहिरातीत बिल्डरने फ्लेमिंगो दिसतील असे छापले होते, याची आठवण एका मावशींनी करून दिली तेव्हा तो विषय संपला. फ्लेमिंगो ज्या सूक्ष्म शैवालांवर जगतात, ती याच चिखलावर आणि पाण्यात वाढतात.

शेवटी एका तक्रारीऐवजी दोन पत्रे करायचे ठरले. पहिले महानगरपालिकेला, नाल्यातले सांडपाणी कोणत्या जोडण्यांतून येते ते शोधून ती मलनिस्सारण वाहिनीकडे वळवावी, यासाठी. त्याला तळमजल्याच्या पट्ट्यांची छायाचित्रे जोडली. दुसरे औद्योगिक प्रदूषणाची दखल घेणाऱ्या कार्यालयाला, फक्त रात्रीच्या गोडसर वासाबद्दल, वेळा आणि वाऱ्याच्या दिशांच्या नोंदींसह, आणि तपासणी त्याच वेळी व्हावी अशा विनंतीसह. संध्याकाळच्या खाडीच्या वासाबद्दल पत्र नाही. त्यासाठी पश्चिमेकडच्या रहिवाशांना तिथीनुसार खिडक्या लावण्याच्या वेळांचा तक्ता दिला आहे, आणि वातानुकूलन यंत्र नवे घेताना गंजरोधक लेप दिलेली कॉइल मागावी असे सुचवले आहे.

पहिल्या पत्रावर नाल्याची पाहणी झाली असून दोन बेकायदा जोडण्या सापडल्याचे तोंडी कळवण्यात आले आहे; लेखी अहवाल आलेला नाही. दुसऱ्या पत्राची पोच आली आहे. वही चालू आहे, आणि पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर झाल्यावर तळमजल्याच्या पट्ट्या किती बदलतात ते पाहण्यासाठी नाल्याच्या तोंडाशी आणखी एक पट्टी टांगली आहे.